काकूंच्या तोंडी घातलेलं वाक्य

आमच्या गटाचा एकच नियम होता आणि तो मीच केलेला होता. लेखकाचा शब्द बदलायचा नाही.

गट म्हणजे फार काही नाही, सहा-सात माणसं. मी हिंगोलीतल्या एका शाळेत मराठी शिकवते. एकाचं औषधाचं दुकान आहे. एक जण जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करतो, आमचे दिवेही तोच लावतो. एक मुलगी बँकेत आहे. बाकीचे कधी असतात, कधी नसतात. रविवारी दुपारी मोंढ्यामागच्या एका शिवणक्लासच्या वरच्या खोलीत आम्ही जमायचो. शिवणयंत्रं भिंतीकडे सरकवायची, सतरंजी टाकायची आणि तालीम सुरू करायची. हळदीचा हंगाम असला की मोंढ्यातल्या लिलावाची धूळ खिडक्या लावूनही घशात खवखवायची, मग मध्येच कोणीतरी गरम पाणी आणायला जायचं. वर्षातून एकदा, थंडीत, आम्ही तीन नव्या एकांकिका करायचो. अट एवढीच की लेखकाचं नाटक आधी कुठेही झालेलं नसावं.

नियमाचं कारण माझ्या मनात होतं. तेवीस वर्षांची असताना मी माझ्या मावशीवर एक एकांकिका लिहिली होती. नवऱ्याचं घर सोडून गेलेली आणि परत न आलेली मावशी. दुसऱ्या गावच्या एका मंडळानं ती स्पर्धेत केली. मी मोठ्या हौसेनं बघायला गेले, तर शेवटी मावशी पिशवी घेऊन परत आली, नवऱ्याच्या पाया पडली आणि लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक मला म्हणाले, "बघा, कशी उचलली तुमची संहिता!" मी त्यांना धन्यवाद दिले. परतीच्या बसमध्ये मनातल्या मनात मावशीची माफी मागत बसले. त्यानंतर मी पुन्हा नाटक लिहिलं नाही. पुढे आमचा गट झाला तेव्हा पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, नट विसरला तर विसरू दे, पण लिहिलेलं बदलायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी कळमनुरीहून एक गृहस्थ आले. एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पिशवीतून त्यांनी एक जाड वही काढली.

"मॅडम, नवीन लेखक पाहिजेत म्हणून वाचलं मोबाईलवर. वयाची अट हाय का?"

"नाही."

"मंग मी नवीनच हाय," ते म्हणाले आणि लाजले.

वहीत बावीस पानं भरली होती. अक्षर बारीक आणि सरळ. नाटकाला नाव नव्हतं, नुसतं 'फाट्यावरची एकांकिका' असं लिहिलेलं. एक म्हातारा रोज दुपारी गावच्या फाट्यावर येऊन बसतो. प्रत्येक बस थांबते, माणसं उतरतात, डबल बेल वाजते, बस निघून जाते. त्याची बायको त्याला जेवायला बोलवायला येते. मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलेलं आहे आणि म्हातारा तिची वाट बघतो आहे, हे हळूहळू कळत जातं. बायको म्हणते, ती येणार नाही. शेवटी मागचा एक प्रसंग दिसतो. भर दुपारी मुलगी घरी आलेली आहे. दारात उभी, हातात नव्या कुकरचं खोकं. पहिल्या पगाराचा कुकर. म्हातारा तिला आत घ्यायला पुढे होतो, तेवढ्यात आतून आई येते आणि म्हणते, "आमच्यासाठी तू मेलीस. मेलेलं माणूस दारात उभं राहत न्हाई."

ते वाक्य मी तिथल्या तिथे मोठ्यानं वाचलं. "काका," मी म्हणाले, "हे वाक्य म्हणजे सगळं नाटक आहे. कुठून सुचलं?"

ते वहीच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. "आलं लिहिता लिहिता," म्हणाले.

आईची भूमिका मी घेतली. औषधवाले म्हातारा झाले, बँकेतली मुलगी लेक झाली.

दुसऱ्या रविवारपासून काकांबरोबर काकूही यायला लागल्या. ठेंगण्या, सावळ्या, डोक्यावर पदर घट्ट. धपाट्यांचा डबा आणि दह्याची बरणी आणायच्या. तालीम सुरू झाली की भिंतीला टेकून बसायच्या आणि नाटक बघायच्या ते देवळात कीर्तनाला बसल्यासारखं. पहिल्यांदा आल्या तेव्हाच त्यांनी मला विचारलं, "बाई, ती म्हातारी तुमी व्हय? मंग पदर असा नका घेऊ. असा घ्या." आणि उठून स्वतःच्या हातानं माझा पदर नीट केला. भाकरी थापताना माणूस बोलतं तेव्हा मान कशी वळते, तेही त्यांनीच दाखवलं. पाटावर बसून, हवेत भाकरी थापून. मी त्यांच्याकडून ती म्हातारी उचलत गेले. तिसऱ्या आठवड्यात औषधवाले म्हणाले, "डोळे मिटले तर कोण बोलतंय कळत नाही. आवाजसुद्धा काकूंचा काढताय तुम्ही." मला फार बरं वाटलं ते ऐकून.

त्यांना एक मुलगी आहे आणि ती आठ वर्षांत घरी आलेली नाही, हे तोवर आम्हाला कळलं होतं. काकूंनीच सांगितलं होतं, अगदी साधेपणानं. नर्सिंग शिकायला गेली, बरोबरच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा सेनगावकडच्या तांड्यावरचा, दुसऱ्या जातीचा. भावकीत बोलणं झालं, काकांनी तिचं नाव टाकलं. "गेली ती गेलीच," काकू म्हणाल्या. "येकदा येती तर! बापाच्या पाया पडती, मी मधी पडले असते. पण आलीच न्हाई, बाई. लेकराला माय आठवली न्हाई."

शेवटचा प्रसंग आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. चौथ्या रविवारी तो पहिल्यांदा उभा केला. काका खाली चहा सांगायला गेले होते. काकू भिंतीशी बसून वाटाणे सोलत होत्या. बँकेतली मुलगी रिकामं खोकं घेऊन दारात उभी राहिली. "बा, कुकर आणलाय मायसाठी. तिला भीती वाटते शिट्टीची, पण शिकंल ती." मी आतून आले आणि वाक्य म्हणाले.

वाटाणे सोलणं थांबलं होतं. प्रसंग संपल्यावर काकूंनी मला हातानं जवळ बोलावलं.

"बाई, हे कुकरचं त्यांनी लिवलं?"

"हो. का?"

"कुकर खरा हाये." त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "तीन लिटरचा. मी जवळा बाजारला गेले व्हते, बहिणीकडं, दोन दिवस. परत आले तर वट्यावर कुकर. म्हणले, डेपोत सगळ्यायला वाटले. तवापासून त्याच्यातच वरण लावून राहिले मी."

त्यांनी दाराकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"म्हणजे पोरगी आली व्हती?"

जिन्यावर काकांची पावलं वाजली. काकूंनी मांडीवरचे वाटाणे ओंजळीत गोळा केले. चहा आला. त्यांनी घेतला नाही.

मधल्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून मी तो घेतला. "ईचारलं त्यांना," काकू म्हणाल्या. "व्हय म्हणले. दारात उभं राहून तेच बोलले ते तिला. वरून म्हणले, तुजी माय आत हाये, तिनंच सांगितलंय. मी घरात न्हाई आन माझ्या नावावर बोलले, बाई. आन नाटकात बी माझ्याच नावावर." मग म्हणाल्या, "ते रडले लई. मी न्हाई रडले."

पुढच्या रविवारी मी काकांना जिन्यात गाठलं. ते कठड्याला धरून उभे राहिले, माझ्याकडे न बघता.

"मॅडम, चार डाव लिहिलं. म्हाताऱ्याच्या तोंडी ते वाक्य लिहाया घेतलं की हात चालत नव्हता. मंग तिच्या तोंडी घातलं आन नाटक धडाधड पुढं गेलं." शर्टाच्या बाहीनं त्यांनी चेहरा पुसला. "तुमी म्हणाल तर बदलतो. आता बदलतो. तुमी सांगा."

ते उत्तर मला आजही पाठ आहे, कारण ते मी दिलं. मी म्हणाले, "राहू द्या काका. दोनच आठवडे उरलेत. आणि लेखकाचं लिहिलेलं आपण बदलत नाही."

नियम खरा होता, पण मी त्या वेळी त्याच्या आड उभी होते. लेखक स्वतः बदलायला तयार होता, मग नियम कुठे आड येत होता? खरं म्हणजे ते वाक्य मला सोडवत नव्हतं. म्हाताऱ्यानं म्हटलं तर ते कुठल्याही रागीट बापाचं वाक्य झालं असतं. आई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर येते आणि म्हणते, तेव्हा ते अंगावर यायचं. तेवढं एक वाक्य मी घरी आरशासमोर कितीदा म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला एक भूमिका अशी मिळाली होती की तालमीत बघणारे गप्प होत होते. ती मला हवी होती.

काकूंनाही मी विचारलं. विचारलं म्हणजे, त्यांनी काय म्हणावं ते मनात धरूनच विचारलं. त्या म्हणाल्या, "नाटक त्यांचं हाये, असू द्या. मला येकच करून द्या. तिचा नंबर काढा. तिला नाटकाला बोलवा. मी तिला तोंडानं सांगीन सगळं, समोर बसवून. फोनवर नको. फोनवर तिच्याशी मला बोलता यायचं न्हाई."

नंबर काकूंच्या एका भाचीकडून मिळाला; काकांच्या धाकानं ती आजवर बोलली नव्हती. मुलगी नांदेडला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. मी मधल्या सुट्टीत फोन लावला, माझी ओळख सांगितली, वडिलांनी एकांकिका लिहिली आहे म्हणाले.

"बाबांनी?" ती हसली, तुटकसं. "मग मला कशाला बोलावताय?"

"आईनं बोलावलंय."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "आईनं? नक्की आईनं?"

"हो. तुमच्याशी बोलायचंय त्यांना."

"ड्यूटी बदलून बघते," ती म्हणाली. फोन ठेवायच्या आधी घाईघाईनं म्हणाली, "माझी मुलगी पाच वर्षांची आहे. आणली तर चालेल ना?"

मी काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. नात आहे हेही त्यांना माहीत नव्हतं.

प्रयोग संध्याकाळी सहाला, एका शाळेच्या सभागृहात होता. आमची एकांकिका तिसरी. दुसरी चालू असताना माझ्या मोबाईलवर तिचा निरोप आला, पोचले, मागे दाराजवळ बसले आहे. काकू माझा पदर सारखा करायला रंगपटात आल्या होत्या. मी त्यांना निरोप दाखवला.

त्या तशाच निघाल्या. मी त्यांचा दंड धरला.

"काकू, आता नको. आता घंटा होईल, अंधार होईल, धड बोलणं होणार नाही. अर्ध्या तासाचं तर नाटक आहे. झालं की निवांत भेटा."

"नुसतं बगून येते, बाई."

"बघितल्यावर तुम्हाला राहवणार आहे का? आणि तिला रडू आलं तर लोक बघतील. थांबा थोडं."

त्या थांबल्या. मी सांगितलं म्हणून थांबल्या. पहिल्या रांगेत काकांच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि पडदा उघडला तेव्हा सगळ्या सभागृहात त्या एकट्याच मंचाकडे पाठ करून मागे वळून बघत होत्या.

नाटक रंगलं. हे लिहायला नको वाटतं, पण रंगलं. औषधवाल्यांनी म्हातारा असा केला की लोक हसता हसता हळहळत होते. डबल बेल वाजली की पुढची माणसं दचकून बस गेली त्या दिशेला बघायची. मग शेवटचा प्रसंग आला. बँकेतली मुलगी खोकं घेऊन दारात. मी पिठाचे हात घेऊन बाहेर आले, काकूंची मान, काकूंचा पदर, काकूंचा आवाज, आणि म्हणाले, "आमच्यासाठी तू मेलीस. मेलेलं माणूस दारात उभं राहत न्हाई."

मंचावरच्या उजेडातून पुढच्या एक-दोन रांगांपलीकडचं काही दिसत नाही. पण मागचं दार उघडलं तसा बाहेरच्या व्हरांड्यातला पिवळा उजेड आत आला, आणि त्यात एक बाई दिसली. खांद्यावर झोपलेलं लेकरू. ती क्षणभर थांबली. मंचाकडे वळून पाहिलं तिनं. मग दार लागलं.

अजून तीन मिनिटांचं नाटक बाकी होतं. मी ते केलं. थांबता आलं असतं. लोकांना काहीही वाटलं असतं तरी थांबता आलं असतं. मी केलं, शेवटपर्यंत, शब्द न् शब्द.

टाळ्या चालू असतानाच मी रंग लावलेल्या तोंडानं खाली पळाले. काकू फाटकाशी उभ्या होत्या, एक हात फाटकावर. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"दार वाजलं तसं मी वळले," त्या म्हणाल्या. "लोकायच्या गुडघ्यातून वाट काढस्तोर उशीर झाला. जीपमधी चढत व्हती. मी हाक मारली. तिनं ऐकली का न्हाई, बाई, काय माहीत." फाटकावरचा हात काढून म्हणाल्या, "लेकरू झोपलेलं व्हतं. पाय लोंबत व्हता. लाल बूट व्हता पायात."

काका बाहेर आले. लोक त्यांचं अभिनंदन करत होते, कोणीतरी शाल घातली होती. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या दिवेवाल्यानं दोघांना त्याच्या गाडीतून कळमनुरीला सोडलं.

मी फोन लावत राहिले. तिनं उचलला नाही. मग मी सगळं लिहून पाठवलं. आई त्या दिवशी घरी नव्हती, तिला ठाऊकच नव्हतं, हे वाक्य तिचं नाही, ते तुमच्या वडिलांचं आहे, आणि चूक माझी आहे. लांबलचक निरोप. चार दिवस काही उत्तर नाही. पाचव्या दिवशी मी नववीचा वर्ग संपवून बाहेर आले तर तिचाच फोन.

"मॅडम, आई घरी नव्हती ते मला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज शांत होता, रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलावं तसा. "दारात तिच्या चपला नव्हत्या. बाबा म्हणत होते आई आत आहे, आणि मी चपलांच्या जागेकडे बघत होते. आठ वर्षं मी तेवढ्यावर काढली. आईनं म्हटलेलं नाही. तिला कळलं की ती मला शोधत येईल. नवऱ्यालासुद्धा मी हेच सांगायचे."

"मग तुम्ही..."

"तुम्ही म्हणालात आईनं बोलावलंय. मी आले. आणि तिथं नाटकात आई घरात होती. बाबांनी लिहिलेलं, आई पहिल्या रांगेत बसून बघतेय. मला वाटलं, म्हणजे होतीच ती घरात. चपला कुठंतरी आत असतील. मीच येडी."

मी म्हणाले, "पण आता तुम्हाला खरं कळलंय ना?"

"कळलंय. तुमचा निरोप वाचला, पटलाही. काल आईचा फोन आला होता. मावसबहिणीनं लावून दिला असेल." मग म्हणाली, "मॅडम, मला तिचा आवाज आठवत नव्हता. आठ वर्षांत पुसट झाला होता. काल ती 'बाळा' म्हणाली आणि मला तुम्ही ऐकू आलात. पांढरे हात घेऊन बाहेर येताय आणि बोलताय. मी फोन ठेवून दिला. काय करू सांगा. खोटं आहे हे कळून कानाला काय कळतं?"

मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. बहुधा माफ करा म्हणाले असेन. ती म्हणाली, "तुम्ही छान केलंत काम," आणि त्यात टोमणा नव्हता, ते जास्त लागलं.

महिन्याभरानं काका शिवणक्लासच्या खोलीवर आले. एकटेच. वही घेऊन. त्यांनी वाक्य बदललं होतं. आईच्या तोंडचं खोडून म्हाताऱ्याच्या तोंडी घातलं होतं, आणि आई त्या प्रसंगात नव्हतीच. बाजारला गेलेली. "मॅडम, पुन्हा एक प्रयोग लावा," ते म्हणाले. "कळमनुरीत, आमच्या गल्लीत. म्हातारा मी करतो. सगळ्यायसमोर मी म्हणतो ते."

मी म्हटलं, काकूंना विचारते. मी विचारलं. त्या परसात कपडे वाळत घालत होत्या, हात थांबला नाही त्यांचा.

"आता काहून?" त्या म्हणाल्या. "जिला ऐकवायचं ती तर येत न्हाई. गल्लीला ऐकवून मला काय करायचंय?"

काका दारात उभे होते. ते आत निघून गेले. दोघं एकाच घरात राहतात. त्या वाढतात, ते जेवतात. काकूंनी भांडण केलं असतं तर काकांना सोसलं असतं, असं मला वाटतं. त्या भांडत नाहीत. लागेल तेवढंच बोलतात, मीठ आणा, दार लावा. परवा परवा काका मला म्हणाले, "मॅडम, कंडक्टर होतो तवा हजार माणसं माझ्याशी बोलायची दिवसाला."

त्यानंतर मी मंचावर गेले नाही. गट चालू आहे, नव्या एकांकिका होतात, मी संहिता वाचते, तालमीला बसते. एका नव्या मुलीनं मागच्या वर्षी विचारलं, मॅडम तुम्ही का नाही काम करत? मी घशाचं कारण सांगितलं. नियमही आता उरलेला नाही. कोणी लेखक शब्द बदलायला तयार असेल तर मी त्याला आधी विचारते, हा शब्द खरा कोणाचा आहे? बहुतेकांना प्रश्न कळत नाही.

काकूंची मुलगी आली नाही. तिनं आईला यायला मनाई केली नाही, पण या असंही म्हटलं नाही. काकू एकदा नांदेडला जायला निघाल्या होत्या, स्टँडवरून परतल्या. "तिनं बोलावल्याबिगर गेले आन दार न्हाई उघडलं तर?" म्हणाल्या.

फोनवर मात्र मार्ग काढलाय मुलीनंच. फोन करू नको म्हणाली, तुझा आवाज मोबाईलवर भरून पाठव, मी सवडीनं ऐकीन, थोडा थोडा. मग काकूंनी मला विचारलं, "बाई, कसं बोलू म्हंजे तिला मीच वाटंल?" मी म्हणाले, काहीही बोला, घरातलं बोला. तेव्हापासून मी महिन्यातून दोनदा कळमनुरीला जाते. बटण कसं दाबायचं ते त्यांना कधीचं येतं, पण मी असले की त्यांना धीर येतो. मी उंबऱ्याबाहेर बसते आणि एक अक्षर बोलत नाही, माझा आवाज त्यात जाऊ नये म्हणून.

मागच्या खेपेला बाजाराचा दिवस होता. काकू मोबाईल तोंडाशी धरून बोलत होत्या, जरा मोठ्यानं, विहिरीत हाक मारावी तसं. "मी बोलून राहिले, तुजी माय. आज मेथी आणली. लई सस्ती झाली. शेजारणीच्या म्हशीला रेडी झाली. पोरीला सर्दी तर न्हाई ना? ववा भाजून फडक्यात बांध. मी बरी हाये." बोट उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. गेला का? मी मानेनंच हो म्हटलं.

आम्ही दोघी थोडा वेळ बसलो. उत्तर आलं नाही. माझी बस होती, मी निघाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काकूंचा फोन आला. "बाई, लिवलंय तिनं. भाचीकडून वाचून घेतलं."

"काय लिहिलंय?"

"ऐकलं, म्हणती. येवढंच. ऐकलं."